निरुपद्रवी

विजयनगरला, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या पडद्यावर
निरुपद्रवी प्राण्यांचा तक्ता असतो.
ससा: इजा शून्य. मेंढी: शून्य.
बदकापाशी मी थांबले होते,
पोह्यांचा घास हातात, शेव ओघळतेय कीबोर्डवर.

महिन्याभराने तन्वीर आला तक्रार घेऊन:
दीदी, तळ्याकाठी खेळाडू मरतोय.
तलवार म्यानात, बाण एकही सोडलेला नाही,
तरी सगळी बदकं पाण्यातून उठतात
आणि मान जमिनीलगत ताणून येतात. बग आहे.

बग नाही, म्हटलं. त्याची पिशवी बघ.
सात गोटे आहेत ना?
त्यानं मोजले. हसला.
उचललेत फक्त, मारले कुठे?

पिपल्यापाला. मी सहा वर्षांची.
मंदारदादा गोटे वेचायचा, शर्टाला पुसून
माझ्या ओंजळीत ठेवायचा: हं, आता तू.
सातव्या गोट्याला बदक पाण्याबाहेर आलं.
फुगेवाल्यापर्यंत पळाले मी.
पोटरीवर अजून आहे, चोचीच्या मापाची खूण.
दादा झाडाखाली, हात झटकत.
घरी आईला त्यानंच सांगितलं, हिनं मारले.

इजेच्या रकान्यात चाळीस लिहिलं होतं.
साहेब म्हणाले, बदकाला फार होतात, वीस कर.
केले.

परवा रात्री दादाचा फोन, पुण्याहून:
घेतला गं तुमचा खेळ. चित्रं छान आहेत.
फक्त ते तळं कळत नाही,
मी तर काहीच केलं नव्हतं.