झिजलेलं शून्य

धुतल्यावर टॉवेलचा तुकडा किती आटतो, हा प्रयोग.
गड्डम सर म्हणाले, तीनदा मोजा,
डोळा आकड्याच्या नेमका समोर,
आणि दिसेल तेच लिहा, हवं ते नाही.

टेप मी घरची नेली, नान्नांच्या मागावरची.
तिन्ही वेळा उत्तर एकच.
खूश झाले.
श्यामलाच्या स्टीलच्या पट्टीवर मात्र
अर्धा सेंटिमीटर कमी.

सरांनी टेप खिडकीतल्या उन्हात धरली :
"शून्य झिजलंय गं.
एकापासून मोज, मग एक वजा कर."

संध्याकाळी साखर पेठेत माग खडखडत होते.
नान्ना टॉवेल मोजत होते,
चिमटीत तेच झिजलेलं टोक.
मी ओरडून सांगितलं.
त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

बोट मात्र सरकलं.
एकावर.