प्रश्न अकरावा

विनिपेगमध्ये फेब्रुवारीत शब्द
आधी दिसतो, मग ऐकू येतो.
चर्चच्या तळघरात आम्ही चौदा जण,
ओले बूट दाराशी, कालच्या सूपाचा वास,
फळ्यावर: प्रवाशांची सुरक्षा, दिवस पहिला.

शेजारी रोडेलिओ, रात्री बेकरीत, दिवसा इथे.
पुढे बोहदाना, खार्किवला ट्राम चालवायची;
प्रत्येक नियम वहीत उतरवते, खाली रेघ मारते,
जणू त्या रेघेवरून चाकं जायची आहेत.

मी ओक्बाझ्गी. अठरा वर्षं ट्रक चालवला,
अस्मारा ते मासावा.
वर धुकं, खाली मीठ,
मधे घाट, असा की
वळणावर आपल्याच ट्रकची पाठ दिसावी.
ब्रेक तापले की वासावरून कळायचं.
इथे विचारतात: ब्रेक निकामी झाल्यास काय कराल?
चार पर्याय.
देवाचं नाव घेणे त्यात नाही.

फ्लेटबाई शिकवतात. स्वतः चाकांच्या खुर्चीत.
मागच्या अंगणात व्हॅन, रॅम्पवर बर्फ, बर्फावर मीठ
(मीठ इथेही; जरा बरं वाटलं).
"चल, मला बांध."
चार पट्टे, चार कड्या. बांधले.
ओढून पाहिलं, खुर्ची केसभर हलेना.
बोहदानानं भुवई उचलली, म्हणजे शाबासकी.
फ्लेटबाईंनी कागदावर लिहिलं: नापास.

"गाठी पक्क्या आहेत," त्या म्हणाल्या,
"पण मी गाठोडं नाही.
हात लावण्याआधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं.
अठरा वर्षांत सिमेंटला विचारलं नाही,
ज्वारीला नाही.
एकदा ताडपत्रीखाली माणसं होती, सीमेच्या दिशेनं,
त्यांनाही नाही. दोर आवळला, एवढंच.
हे मी बाईंना सांगितलं नाही.
दुसऱ्या खेपेला विचारलं,
"मी हात लावू का?"
आवाज घोगरा निघाला.
पास.

प्रश्न अकरावा.
रात्रीची वेळ. प्रवासी मागच्या सीटवर झोपला आहे.
मुक्काम आला. तुम्ही?
रोडेलिओ म्हणाला, खांदा हलवीन.
चूक.
उजेडात थांबा. आतला दिवा लावा.
मोठ्यानं हाक मारा. हात लावू नका.
बोहदानानं दोन रेघा मारल्या.

आमच्याकडे ट्रकमध्ये कुणी झोपलं
तर पांघरूण सारखं करायचं
आणि कानाशी म्हणायचं, समुद्र आला.
हा पर्याय कुठल्याच प्रश्नाखाली नव्हता.

मंगळवारी प्रमाणपत्र मिळालं.
गुरुवारी पहाटे पावणेचारला
हॉस्पिटलच्या दारातून एक मुलगी,
हिरव्या कपड्यांवर जाड कोट,
फोनवर नाव: मॅरिएल.
पुलापर्यंत जागी होती.

मुक्काम आला. खांबाच्या दिव्याखाली थांबलो.
आतला दिवा लावला.
हाक मारली. परत मारली.
तोंड उघडं, एक हातमोजा पायाशी पडलेला.
तोही उचलला नाही.
पाचव्या हाकेला मीच घाबरलो.
मग तिच्या बाजूची काच
दोन बोटं खाली केली.

मायनस एकतीस आत आलं
आणि त्यानं तिच्या गालाला हात लावला.
त्याला कोणी प्रशिक्षण दिलेलं नाही.

ती दचकली. "आलं?"
"आलं," म्हणालो.
समुद्र म्हणणार होतो.

पायरीवर किती वेळ तिची किल्ली कुलपाला लागेना.
फोन विचारत राहिला, पुढची फेरी घेणार?
बारा सेकंद. अकरा. दहा.
मागे हातमोजा तसाच.
काच मी अजून वर केलेली नाही.