मागे कोण बसलंय

मॉनिटर स्वस्तात मिळाला, हे आधी सांगते.
पिंपळगावचा एक द्राक्षवाला निर्यातीचं ऑफिस मोडून
खुर्च्या-काट्यांसकट सगळं विकत होता.
सत्तावीस इंची. म्हणाला, "मण्याचा रंग
हॉलंडवाल्यांना ह्याच्यावरच पटायचा."
ह्याच्या पाठीत पंखा आहे
हे काही तो म्हणाला नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, फ्रीज.
फ्रीज बंद केला.
मग वाटलं, खालची मोटर, टाकीला लावून
जवंजाळ विसरले असतील.
शेवटी काचेला कान टेकवला.
तिथेच होता. घरघर नाही, गुणगुण नाही,
पवननगरात तीन गल्ल्या पलीकडे
गिरणीवर कुणाचं तरी दळण पडावं, तसा.

मी पुस्तकं वाचते. मोठ्यानं, माईकसमोर,
ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी.
बारावीचं अर्थशास्त्र चालू होतं, मागणीची लवचिकता.
पाचवी फाइल ऐकून पेठहून हेमराज गांगुर्डेचा फोन:
"ताई, तुमच्या मागे कोण बसलंय?
सारखं म् म् म्हणतंय.
तुमचं सगळंच पटतंय त्याला."

उजेड कमी केला. पंखा जरा दमला,
पण अक्षरंही दमली.
मागे गादी उभी केली, तर तापून दुप्पट फिरला,
चिडलेल्या माणसाला शांत हो म्हटल्यासारखा.
खाली पाट दिला, पाटाखाली जुनी चप्पल.
सॉफ्टवेअरनं गाळून बघितला,
तर त्याच्याबरोबर माझा स गेला,
सीमांत उपयोगितेची झाली ईमांत.
म्हटलं, रात्री दोनला वाचू, गाव तरी गप्प असेल.
गाव गप्प झालं
आणि हा एकटाच बोलत राहिला.

एम. जी. रोडला तळघरात निकुंभ बसतो.
त्यानं कान लावला नाही, पाठीवर हात ठेवला,
सुईण ठेवते तसा.
"बेअरिंग सुकलंय. नवा पंखा नाही मिळायचा."
काढूनच टाका ना.
"काढतो. महिन्याभरात पडदाही काढू मग."

स्क्रू सात. आठवा आधीच कुणीतरी नेलेला.
आत सगळं पिवळं.
मला वाटलं हळद. निकुंभ शिंकला, म्हणाला, गंधक.
भुरी पडू नये म्हणून बागेवर धुरळतात ती पूड,
किती हंगाम खिडकीतून येऊन
एकेका पात्यावर बसत गेलेली.
ब्रश मारला. मग स्टिकर उचकटून
शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब. "एकच.
दोन घातले की तोंडावर उडवतो."
साठ रुपये.

घरी येऊन चालू केला.
काही नाही.
म्हणजे किती काय काय!
जवंजाळांची ढास, हायवेवर गिअर बदलणारा ट्रक,
माझंच आवंढा गिळणं, जे मी
इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.
आठवा धडा वाचून काढला, न अडखळता,
आणि शाबासकीची वाट बघत बसले.

"छान आहे ताई," हेमराज म्हणाला. "स्वच्छ."
मग थांबला.
"पण पान उलटता ना, तेव्हा तुम्ही जाता.
आधी तो असायचा तर कळायचं, खोली आहे,
ताई आहे, पान उलटतेय.
आता मध्येच सगळं जातं.
मी दोनदा फोन हलवून बघितला."

घातलेलं तेल परत काढता येत नाही.
येत असतं तरी काढलं नसतं,
माझ्या डोक्याला विचारा.
पण नवव्या धड्यापासून पान जरा दांडगटपणे उलटते,
अंगठ्याला थुंकी लावून, माईकच्या जवळ.
खुर्ची करकरली तर फाइल पुन्हा करत नाही.
काल सार्वजनिक वस्तूंच्या ऐन व्याख्येत
जवंजाळ खोकले,
तेही राहू दिले.