चाळीस खाचांचं गेट

गेटला चाळीस खाचा.
गेल्या मोसमाच्या शेवटच्या रविवारी अकरा गाड्या उभ्या राहिल्या.
त्यातले दोघे सख्खे भाऊ, एकाच ट्रेलरमधून आलेले,
आणि एक पाद्री, पन्नाशीचा,
जो दरवेळी शेवटचा येतो आणि हसत येतो.

मी नावनोंदणीच्या खोपटात बसते.
नाव, नंबर, वय, घरी कुणाला फोन करायचा, सही.
बावीस वर्षं हेच पाच रकाने.
पूर्वी दुपारपर्यंत पेन्सिल दोनदा बोथट व्हायची.

व्हर्लिन हॉगस्टॅड पहाटे चारला पाण्याचा टँकर काढतो.
डकोटाचा वारा कोरडा, माती पिठासारखी उडते.
ती भिजवायची, नांगरायची, पुन्हा भिजवायची,
अकरा जणांसाठी.
शंभर पानं मांडून यजमानानं दारात ताटकळावं
तसा तो कुंपणापाशी उभा असतो,
हायवेकडे तोंड करून.

उपाय करून झाले.
बक्षीस दुप्पट केलं: लांबून तीन पोरं आली,
पैसे घेतले, सॉसेजसुद्धा न खाता गेली.
टी-शर्ट छापले. साठ अजून माझ्या कपाटात आहेत,
सगळे एक्सएल.
बायकांना प्रवेश फुकट ठेवला,
तर आली एकटी मीच, आणि मी तर आधीपासून आतच.

मग जानेवारीत मी बुटांची खोकी उघडली,
जुने अर्ज काढले, एकेकाला फोन लावला.
"का येत नाहीस?" असं नाही विचारलं.
विचारलं, "गाडी विकलीस का?"
बहुतेकांनी विकली नव्हती.
गॅरेजमध्ये आहे, चादरीखाली, म्हणाले,
आणि मग जरा थांबून: पण ती उडी, डोरीन.

सगळे त्या उडीपाशीच येऊन थांबत.
तिसऱ्या वळणानंतरचे दोन ढीग, मधे सत्तर फूट पोकळी.
पोहोचलास तर पोहोचलास.
अर्लिसचा खांदा तिथे गेला.
ब्रेंटला बायकोनं तिथल्याच चिखलात उभं करून शपथ घातली.
"माझी पोर आठ वर्षांची आहे," एकजण म्हणाला,
"तिला मी त्या खड्ड्याकडे कसं सोडू?"

उडी व्हर्लिननं लेकासाठी बांधली होती.
किप ती हँडलवरचा एक हात सोडून मारायचा.
किप आता ॲरिझोनात एसी दुरुस्त करतो,
नाताळला फोन करतो,
गाडीचं नाव काढत नाही.

मी यादी टेबलावर ठेवली. एकसष्ट नावं.
व्हर्लिन चष्मा न लावताच वाचत राहिला.
म्हणाला, वेगवान पोरं नाराज होतील.
म्हटलं, कुठली पोरं?
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

एप्रिलमध्ये जमीन बर्फातून सुटली
आणि त्यानं डोझर काढला.
मला बोलावलं नाही. मी रस्त्यावरून पाहिलं.
पुढचा ढीग मागे लोटत, मागचा पुढे,
तीन वाजेपर्यंत पोकळी बुजली.
एक लांबरुंद टेबल उरलं मातीचं,
हळू चढावं, हळू उतरावं असं.
त्यावर डोझर नेऊन त्यानं इंजिन बंद केलं
आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला.

मे महिन्यातला पहिला रविवार.
तेवीस.
मी दोनदा मोजले. चाळीस नाहीत, तेवीस.
पाद्री शेवटचा आला नाही, त्याच्या मागे सहा जण होते,
आणि त्याला कुणीतरी आपली जागा घेतल्यासारखं वाटत होतं.

मग छोट्यांची फेरी, पन्नास सीसी.
ती आठ वर्षांची, मेरिट तिचं नाव,
टेबलावर चढली आणि माथ्यावर थांबलीच,
भर शर्यतीत, एक पाय टेकून.
तिथून गावाची पाण्याची टाकी दिसते,
धान्याची कोठारं दिसतात.
तिनं ती नीट पाहून घेतली.

बाप कुंपणावर चढून काहीतरी ओरडत होता.
व्हर्लिन ओरडला नाही.
पिवळं निशाण घेऊन तो उतारावर उभा होता,
ते हलवत राहिला, हलवत राहिला,
मागून येणाऱ्यांना सांगत:
सांभाळून, पुढे कुणीतरी आहे.