सहा नंबरचं टेबल

रात्रीचे पावणेबारा. बफेलोत बाहेर गुडघाभर बर्फ,
आणि माझ्या सहा नंबरच्या टेबलावर
कॅप्टन हॅलोजन पुन्हा एकदा मरतोय.

(जुना एकदाच मेला, वेंडेल बजावतो,
तोही दुसऱ्या भागात, आणि कारणासकट.)

मी दोन्ही सिनेमे पाहिलेले नाहीत.
माझी पाळी नेमकी शेवटच्या खेळाच्या वेळेला असते.
पण सात वर्षं यांच्या कपांत कॉफी ओतून
मला त्याच्या बुटांचा नंबरसुद्धा पाठ झालाय.

"तार दिसायची," वेंडेल क्रायेव्स्की म्हणतो,
"तो उडायचा तेव्हा पाठीमागे तार दिसायची.
बारीक. मधूनच चमकायची.
नव्याला तारच नाही. म्हणजे पडायची भीती नाही.
मग मी खुर्चीचा हात धरायचा कशासाठी?"

लोरेन ओडम तळलेला बटाटा उगारते,
न्यायाधीशाच्या हातोड्यासारखा.
"तार दिसायची कारण पैसे नव्हते, वेंडेल.
कडकीला कला म्हणू नकोस.
आणि तुझ्या त्या जुन्यात एकुलती एक बाई,
तीही सगळा वेळ खिडकीत उभी राहून किंचाळते."
"छान किंचाळते."
"नव्यात ती पूल बांधते."
"जो कोसळतो!"
"जो हॅलोजन पाडतो!"
साखरेची बरणी लवंडते. मी फडकं आणते.

यादिराचं दुखणं वेगळंच. बसचं.
जुन्यात तो बसमधले अठ्ठावीस जण बाहेर काढतो
आणि मग ड्रायव्हरसाठी परत आत शिरतो.
नव्यात ड्रायव्हरच नाही. बस आपली आपण चालते.
यादिरा रोज पहाटे पाचची बस काढते.
तिनं खिडकीवर जाऊन तिकिटाचे पैसे परत मागितले,
आणि ते मिळाले नाहीत, हे आज तिसऱ्यांदा सांगतेय.

बसचा विषय निघाला की सॉ ए डो हात धुवायला उठतो.
सात वर्षं मला वाटायचं, माणूस स्वच्छ आहे.

तो परत येऊन बसतो, पॅनकेकच्या कडा कापायला लागतो.
"तू बोल की रे," लोरेन म्हणते. "जुना का नवा?"
"जुन्याचा शेवट मला माहीत नाही."

वेंडेलचा काटा हवेतच.

"छावणीत दाखवला होता. थायलंडच्या बाजूला. चादरीवर.
बस कलंडते, तो वाकतो, त्याचा हात दाराला लागतो
आणि जनरेटरमधलं डिझेल संपतं.
आम्ही बराच वेळ चादरीकडे बघत बसलो.
मग पोरांनी आपापला शेवट केला.
बहिणीच्या शेवटात बस नदीत पडते आणि तरंगते.
माझ्यात तो सगळ्यांना काढतो, घरी जातो,
मोजे ओले असतात. बायको ओरडते."

"आणि इथं आल्यावर? पाहिला नाहीस?"
"दोनदा डिस्क आणली."
"मग?"
"बस आली की बंद करतो."

फ्रीज घरघरतो. यादिरा रुमाल घडी करते, उलगडते.
मग वेंडेल, घसा साफ करून, अगदी मनापासून:
"पण त्याला बायको नव्हती.
पहिल्या भागात स्पष्ट म्हटलंय."
लोरेन त्याला बटाटा फेकून मारते.

दीड वाजता वेंडेलची गाडी निघत नाही.
चाक जागच्या जागी फिरतं, काळा चिखल उडवतं.
तिघं मागून ढकलतात, मी काचेतून बघते:
तोंडातून वाफा, वाफांमधून अजून वाद.
गाडी सुटते. थांबली तर पुन्हा रुतेल,
म्हणून वेंडेल थांबत नाही, आवारात गोल गोल फिरतो,
काच खाली करून प्रत्येक फेरीला ओरडतो, "तार!"

सॉ ए डो टोपी विसरला म्हणून परत येतो.
बर्फ पार पोटरीपर्यंत. रेडिएटरपाशी वाकून
तो बूट काढतो आणि मोजे पिळतो.

मी नुकतीच फरशी पुसली होती.
मी ओरडले.