वजन हाडावर

मे महिन्यात कळमन्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं
आणि मी चेंबर नंबर तीनमध्ये, उणे नाही पण चार अंशात,
दोन स्वेटरं, वर भाच्याचं जॅकेट,
लोकरी हातमोज्यांवर रबरी हातमोजे
घालून गाठ मारायला शिकत होते.
भिवापुरी मिरचीची पोती पार छतापर्यंत.
धाप लागली की ठसका,
ठसका लागला की गाठ हातातून निसटायची.

झनकलाल दोरीचं दुसरं टोक धरून बसायचा.
"फाशी द्याची हाये का जी मॅडम कोनाले?"
"नाही रे. बर्फाच्या भेगेत पडले तर वर यायला."
"मंग पडाचं कायले?"
माहितीपत्रकाची चारही पानं मी उलटसुलट वाचली होती.
हे त्यात नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत फळ्यांची चढण, पाच मजले,
माझ्या पाठीवर बारा किलो खडेमीठ.
तो चाळीस किलोचं पोतं घेऊन माझ्या पुढे,
आणि वर पोचून मलाच पाणी विचारायचा.
"पाय टाकला का गुडघा सरळ करा.
वजन हाडावर ठेवा.
मासावर ठेवान त दिवस नाई निंगनार."
हो हो म्हटलं.
माझं लक्ष घड्याळाकडे होतं,
कालच्यापेक्षा अकरा सेकंद कमी.

*

पडणं हा तिथे पहिल्या दिवसाचा धडा होता, झनकलाल.
डोकं उताराकडे, पाठ बर्फावर,
हातात कुदळ, तुझ्या कुदळीपेक्षा नाजूक,
आणि अंगरूप शांतपणे म्हणायचा, सोडा.
सुटायचं, वळायचं, टोक छातीखाली दाबायचं.
चाळीस वेळा.
सव्विसाव्या वेळी मी थांबले,
सत्ताविसाव्या वेळी नाही.

दोराचं मात्र पटकन जमलं.
कमरेला दोन कड्या, खिळ्यापाशी आलं की
पुढची अडकल्याशिवाय मागची काढायची नाही.
अठरा वर्षं आवक लिहिल्याशिवाय
जावक लिहिली नाही मी.
अंगरूपला हे सांगितलं तर तो नुसता हसला,
आणि तरी येऊन माझी कडी ओढून पाहिली.

शेवटच्या रात्री अडीच वाजता
हवेत जेवढी हवा होती तेवढी मी घेऊन संपवली.
ठसका आला. मिरचीशिवाय.
पुढच्याचे बूट तेवढे दिव्याच्या गोलात.
दहा पावलं मोजायची ठरवून मी सहावर उभी राहायचे.
अंगरूप मागे आला, काठीने माझ्या पोटरीवर टिचकी मारली.
हिच्यावर नको, म्हणाला. हाडावर.
गुडघा सरळ, एक श्वास, मग दुसरा पाय.

मी त्या उतारावर मोठ्याने हसले असते,
पण हसायला लागतो तो श्वास
पुढच्या पावलाच्या नावावर लिहिलेला होता.

*

परत आले तेव्हा स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात
समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली दिसली.
तीनशे आणि वर काहीतरी.
जन्मापासून याच स्टेशनवरून ये-जा.

"वर काय होतं जी?"
"ढग. सात मिनिटं थांबलो. काही दिसलं नाही."
"आन् एवढा पैसा?"
"हो."
त्याने थोडा वेळ माझ्या सोललेल्या नाकाकडे पाहिलं.
मग मी त्याला ती चाल करून दाखवली,
काट्याच्या खोलीपासून गेटपर्यंत,
आणि सगळे हमाल पोट धरून हसले:
"हे त आमीच हाओ!"

दोर मी त्यालाच देऊन टाकला.
काल रायपूरच्या गाडीवर ताडपत्री बांधताना पाहिलं,
मोठ्या दोरावर बारीक दोरीचे तीन वेढे,
ताणली की आवळते, ढिली केली की सरकते.
चेंबर तीनमध्ये ही गाठ
माझ्या हातून शंभरदा सुटली होती.
ड्रायव्हरने विचारलं, कुठं शिकला?
तो म्हणाला, "थंडीत."

मी वही उघडली.
जावक: भिवापुरी, एकशे चाळीस पोती.
तो शेवटचं पोतं घेऊन फळीवर चढत होता,
आणि मी पेन तसंच धरून
त्याचा गुडघा सरळ होईपर्यंत थांबले.