बसतंय

भोसरीत एकोणतीस वर्षं लेथवर
मी लोखंड मायक्रॉनात मोजलं.
केसाचा दहावा भाग इकडचा तिकडं झाला
की जॉब भंगारात,
आणि शिफ्टभर सुपरवायझरचं तोंड.

आटपाडीच्या अलीकडं माळावर अडीच एकर घेतलं,
तेव्हा विकणाऱ्यानं नुसता हात लांब केला.
त्या हिवरापास्नं ते... त्यो धोंडा दिसतुया न्हवं, तितवर.
मी म्हटलं, नेमकं कुठवर?
तो म्हणाला, नेमकंच की ह्ये.

बाबालाल मुलाणी, गवंडी.
ओळंब्याची दोरी तंबाखूच्या पुडीला गुंडाळून खिशात.
त्यानं फक्कीनं घर आखलं:
इथं सोपा, इथं स्वयंपाकघर,
वैजयंतीनं कॅलेंडरच्या पाठीवर काढलं होतं तसंच.
काटकोन मी माझ्या गुण्यानं तपासला.
दीड बोट बाहेर.
"दीड बोटानं घर काय पळून जातंय व्हय?"
म्हणाला, आणि पुडी सोडली.

वर वीतभर माती, खाली मुरूम,
त्याखाली असा खडक की पहार उलटी हातात उसळायची.
बारा दिवस चर खणला.
तळहाताला लेथवर कधी आले नव्हते
तसले फोड आले, आणि खरं सांगायचं तर
ते मी संध्याकाळी वैजयंतीला दाखवत बसायचो,
पगाराची पावती दाखवावी तसे.

दसरा होऊन चार दिवस झाले असतील.
पडत्या उन्हात धुरळा उठला,
चारशेएक मेंढरं, तीन घोडी,
एका घोडीवर कोंबड्यांचा डालगा,
दुसरीवर लोकरीच्या जेनात बांधलेलं लेकरू.
माणसं चरापाशी थांबली. मेंढरं थांबली नाहीत.
एकामागं एक उड्या टाकत
आमच्या स्वयंपाकघरातून निघून गेली.

म्हाकू येडगे काठीवर हनुवटी टेकून बघत राहिला.
"पाव्हणं, वाटंवर घर काढलंसा की."
रागानं नाही,
सदऱ्याचं बटन चुकीच्या काजात गेलंय
हे सांगावं तसं.

माझ्याकडं सातबारा होता, मोजणीचा नकाशा होता.
त्यात ही वाट नव्हती.
नकाशा मी पिशवीतून काढला,
आणि बघितल्यासारखं करून परत ठेवला.

दोन रात्री मेंढरं आमच्या रानात बसली.
वैजयंतीनं दोन पायली जोंधळा दिला.
ठकूबाईनं तो पदरात घेतला,
कॅलेंडरची पाठ उलटसुलट बघितली आणि म्हणाली,
चूल हिकडं नको, बाई. वारं धूर डोळ्यात घालील.
सकाळी रानभर लेंड्या,
आणि एक वास, जो माझ्या घड्याळाच्या पट्ट्यात
अजून आहे.

स्वयंपाकघर दुसऱ्या अंगाला गेलं.
बाबालालनं काही न बोलता जुना चर बुजवला.
मजुरी मात्र खणायची आणि बुजवायची,
दोन्ही लावली.
तारेच्या कुंपणाचे सातवा-आठवा खांब मी उपटले.
किती फूट मोकळं सोडलं, मोजलं नाही.
बुजवलेल्या चरात माती भुसभुशीत,
तिथं भोपळ्याचा वेल गेलाय, लांबलचक,
भिंत असायला हवी होती तिथून
बरोबर काटकोनात वळलाय.

दुसऱ्या वर्षी भिंतीला फट गेली.
खिडकीच्या कोपऱ्यातून खाली, तिरपी.
मी ट्रंकेतून फीलर गेज काढलं.
चाळीस शतांश मिलिमीटर.
पेन्सिलीनं शेजारी तारीख लिहिली.
पंधरा दिवसांनी पंचेचाळीस.
रात्री झोप नाही. बाबालालला फोन लावला.
पलीकडं कुणाचं तरी लग्न वाजत होतं.
"काय न्हाय हो," तो ओरडला, "घर बसतंय!"
मला वाटलं, पडतंय म्हणाला.
"बसतंय, बसतंय! नव्या जागंला यिऊन बसाय
घराला येळ लागत न्हाय व्हय?"

बेंदरापासून फट तेवढीच आहे.
म्हणजे असावी.
गेजची सगळ्यात पातळ पात गंजली,
सगळ्यात जाड वैजयंती
लसूण सोलायला नेते,
आणि परत आणून ठेवत नाही.